प्रकल्प नोंदी: घरातल्या नेटवर्कवर रखडणारा सामायिक डेटाबेस (इंदिरानगर, नाशिक)

३ ऑगस्ट २०२५ : पाहणी आणि पहिली मोजमापं

जागा इंदिरानगरमधला दुमजली बंगला, मागे अंगण आणि अंगणापलीकडे खतं-औषधांचं गोडाऊन. कृषी सेवा केंद्राचा काउंटर दुसरीकडे आहे. उधारी, साठा आणि बागायतदारांच्या फवारणीच्या नोंदी मात्र सगळ्या या घरातूनच चालतात. डेटाबेस मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा. तळमजल्यावरच्या मुख्य पीसीवर एका शेअर्ड फोल्डरमध्ये बॅकएंड (सगळ्या नोंदी साठवणारी) फाइल आहे, आकार ४१२ एमबी. फॉर्म आणि रिपोर्ट असलेली फ्रंटएंड फाइलही त्याच फोल्डरमध्ये, आणि सगळे ती तिथूनच उघडतात.

वापरणारे संगणक चार: मुख्य पीसी, त्याच खोलीतला दुसरा पीसी, वरच्या मजल्यावरचा हिशेबाचा पीसी आणि गोडाऊनमधला लॅपटॉप. पहिले तीन लॅन केबलवर. लॅपटॉप वायफायवर, मध्ये एक रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र).

तक्रार अशी की वरच्या मजल्यावर एखाद्या शेतकऱ्याचा खातेउतारा उघडायला अर्धा मिनिट जातो, आणि गोडाऊनमध्ये मालाचं चलन करताना ट्रॅक्टर दारात उभा राहतो. यावर इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० वर नेला गेला. फरक शून्य.

तो पडणारही नव्हता. डेटाबेसची फाइल घरातच आहे, इंटरनेट त्या वाटेत येतच नाही. खात्रीसाठी राउटरमध्ये येणारी फायबर थोडा वेळ काढून तोच उतारा उघडला. वेळ जशीच्या तशी.

मोजण्यासाठी एकच काम ठरवलं: सगळ्यात मोठ्या खात्याचा चालू आर्थिक वर्षाचा उतारा. प्रत्येक संगणकावर तीनदा उघडायचा, मधली वेळ घ्यायची. हे दोन परिस्थितींत करायचं: डेटाबेस त्या एकाच संगणकावर उघडा असताना, आणि चारही ठिकाणी उघडा असताना.

मुख्य पीसी: १.९ सेकंद, दोन्ही वेळा
तळमजला, दुसरा पीसी: एकटा ३.५, सगळे असताना ६.५
वरचा मजला: एकटा १०, सगळे असताना ३८
गोडाऊन: सगळे असताना ७१, शिवाय अधूनमधून नेटवर्क तुटल्याचा संदेश येऊन अ‍ॅक्सेस बंद

एकटा असताना वेगवान आणि दुसरा आत शिरला की मंद, हे अ‍ॅक्सेसचं नेहमीचं लक्षण. फाइल एकानेच उघडलेली असली की विंडोज त्या संगणकाला वाचलेली पानं (फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) स्वतःच्या मेमरीत ठेवू देतं. दुसऱ्याने तीच फाइल उघडली की ही मुभा काढून घेतली जाते, कारण ते पान आता दुसरा कुणी बदलू शकतो. मग तेच पान पुन्हा पुन्हा मुख्य पीसीकडून मागवावं लागतं. म्हणून एकट्याने घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये. खरा त्रास चारही संगणक आत असतानाच दिसतो.

४ ऑगस्ट : पाकिटं मोजली

वरच्या पीसीवर वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, टिपणारं साधन) लावून उतारा उघडला, फिल्टर एसएमबी२ चा, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेचा. एका उताऱ्यासाठी वाचनाच्या साधारण ४,९०० विनंत्या गेल्या. बहुतेक ४ केबीच्या, म्हणजे अ‍ॅक्सेसच्या एका पानाएवढ्या. एकटा असताना हाच आकडा १,१०० च्या आसपास.

या कामाचं मर्म या आकड्यात आहे. अ‍ॅक्सेस हा फाइलवर चालणारा डेटाबेस. मुख्य पीसी स्वतः काही शोधून देत नाही, तो फक्त मागितलेली पानं देतो. शोधायचं, गाळायचं, बेरीज करायची हे सगळं वरच्या पीसीवर होतं, आणि त्यासाठी आधी इंडेक्सची (नोंदी कुठे आहेत त्या सूचीची) आणि मग नोंदींची पानं एकामागून एक मागवली जातात. आधीचं पान हाती आल्याशिवाय पुढचं कोणतं मागायचं हेच बऱ्याचदा ठरत नाही. गाडी भरून द्राक्षांचे क्रेट एका खेपेत आणणं वेगळं आणि एकेक क्रेट उचलून पाच हजार हेलपाटे घालणं वेगळं. इथे रस्ता किती रुंद आहे यापेक्षा एका हेलपाट्याला किती वेळ लागतो हे महत्त्वाचं.

हिशेब असा: एका विनंतीला अर्धा मिलिसेकंद लागला तर ४,९०० विनंत्यांना अडीच सेकंदांच्या आत. १४ मिलिसेकंद लागले तर ६९ सेकंद. गोडाऊनच्या लॅपटॉपवर पीएसपिंगने (फेरीची वेळ बारकाईने मोजणारं साधन) ४ केबीची फेरी, म्हणजे मागणी जाऊन उत्तर येण्याची वेळ, मोजली तर सरासरी बरोबर १४ च्या आसपास आली, मधूनच १८० पर्यंत उड्या. ७१ सेकंदांचं कोडं तिथेच सुटलं. विंडोजचं साधं पिंग या कामाला अपुरं पडतं. ते एक मिलिसेकंदाखालचं सगळं एकाच खुणेत दाखवतं आणि ०.३ व ०.९ यांतला फरक लपवतं, जो इथे जवळपास तीन सेकंदांचा आहे.

वरच्या मजल्याचं मात्र हिशेबात बसेना. केबल आहे, फेरी ०.६ मिलिसेकंदाची, म्हणजे सगळं मिळून पाच सेकंदांत व्हायला हवं. वायरशार्कमध्ये पुनर्प्रेषणाचा (हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवण्याचा) फिल्टर लावल्यावर उत्तर दिसलं. एका उताऱ्यात ११० च्या आसपास पाकिटं हरवली होती, आणि प्रत्येक हरवलेल्या पाकिटानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांची पोकळी. ११० गुणिले ०.३ म्हणजे ३३ सेकंद. पाचात मिळवले की ३८.

एवढ्या लहान गळतीने इतका वेळ का जातो? मोठी फाइल उतरवताना पाकिटांची रांग सतत वाहत असते. एक हरवलं तर मागून येणारी पाकिटं ते लगेच उघडकीस आणतात आणि ते ताबडतोब पुन्हा पाठवलं जातं. अ‍ॅक्सेसच्या एका मागणीत पाकिटं मोजून दोन-तीन. शेवटचं हरवलं तर मागून काहीच येत नाही, दोन्ही बाजू घड्याळाकडे पाहत थांबतात. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनाने याच केबलवर खाली ६१ आणि उलट दिशेने ८८ एमबीपीएस दाखवले. व्हिडिओ छान चालेल, मोठी फाइलही बऱ्यापैकी उतरेल, डेटाबेस मात्र रडेल. म्हणून ‘स्पीड टेस्ट तर चांगली येते’ या वाक्यावर तपास थांबवू नये.

६ ऑगस्ट : स्विच

इंटरनेटसोबत आलेल्या राउटरच्या चार लॅन पोर्टपैकी एकच गिगाबिटचं आहे, बाकीची तीन १०० एमबीपीएसची. मुख्य पीसी तिसऱ्या पोर्टला होता. पॉवरशेलमध्ये गेट-नेटअ‍ॅडॅप्टर ही आज्ञा दिली की लिंकचा वेग लगेच कळतो. मुख्य पीसी १००, दुसरा पीसी १००, वरचा पीसीही १००.

आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच बसवला. सगळे पीसी स्विचवर, आणि स्विचमधून एकच केबल राउटरच्या गिगाबिट पोर्टला. आता घरातली रहदारी राउटरमधून जातच नाही. राउटर बदलला, बंद पडला किंवा कंपनीने दूरवरून रीस्टार्ट केला तरी डेटाबेसवर परिणाम नको, म्हणून मुख्य पीसीला स्थिर आयपी पत्ताही दिला: १९२.१६८.१.१०. राउटर आपोआप पत्ते वाटतो तो पट्टा ५० पासून पुढे सरकवला, म्हणजे टक्कर नाही.

१०० च्या लिंकवर ४ केबीचं पान तारेवर चढवायलाच पाव ते तृतीयांश मिलिसेकंद लागतो, गिगाबिटवर त्याचा दहावा भाग. तळमजल्याचा दुसरा पीसी ६.५ वरून ५.१ वर आला. वरचा ३८ वरून ३७. अपेक्षित होतं, कारण वरचा दोष केबलचा आहे. स्विच गिगाबिटचा असूनही वरची लिंक १०० वरच अडकली आहे.

१० ऑगस्ट : वरच्या मजल्याची केबल

लांबी २८ मीटर, जिन्याच्या बाजूने बोअरच्या मोटरच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेलेली. आठ दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, आणि त्यामुळेच आजवर कुणाला संशय आला नाही.

दोन्ही टोकांचे आरजे-४५ कनेक्टर उजेडात धरून रंग वाचले. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला नीटस, जोडीला जोडी. दोष नेमका हाच. लॅनमध्ये १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा जोड्या चालतात. ३ आणि ६ या पिनांवर एकाच पिळाच्या दोन तारा यायला हव्यात. इथे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा, म्हणजे दोन वेगळ्या पिळांतल्या तारा. पीळ असतो तो बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडून कटावा म्हणून. जोडी फुटली की पिळाचा फायदाच जातो, शेजारच्या जोडीचा आवाज आत शिरतो आणि पाकिटं खराब होतात. दिव्यांचा टेस्टर फक्त या टोकाची तार त्या टोकाला पोचते का एवढंच पाहतो, जोडी फुटल्याचं त्याला कळत नाही. गिगाबिटला चारही जोड्या नीट लागतात, म्हणून लिंक १०० वर घसरते. १०० ला १-२ आणि ३-६ पुरतात, पण त्यातलीच एक फुटलेली.

योग्य क्रम, टी५६८बी या मानकाचा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकं कापून याप्रमाणे क्रिंप केली, म्हणजे नवे कनेक्टर दाबून बसवले. पीळ कनेक्टरच्या तोंडापर्यंत शाबूत ठेवायचा, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, आणि केबलचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या खाचेखाली दाबलं गेलं पाहिजे.

लिंक लगेच गिगाबिटवर आली आणि गळती जवळपास थांबली. पण बोअरची मोटर चालू केली की अ‍ॅडॅप्टरच्या आकडेवारीत खराब पाकिटांचा आकडा पुन्हा हलू लागतो.

मग केबलच तपासली. एका टोकाला एक जोडी एकत्र पिळून दुसऱ्या टोकाला मल्टीमीटरने रोध मोजला: ७.६ ओम, प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून. २४ गेज तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे ८४ ओम. २८ मीटर जाऊन-येऊन ५६ मीटर, म्हणजे ४.७ ओम यायला हवा. तार ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली चंदेरी अ‍ॅल्युमिनियम. वेष्टनावर कॅट-६ छापलेलं असलं तरी ही केबल त्या मानकात बसत नाही. मानकाला घन तांबं लागतं. मुलाम्याची तार हलकी आणि स्वस्त, पण ठिसूळ असते. दोन-तीनदा वाकवली की कनेक्टरच्या तोंडाशी तुटते.

निर्णय: दुरुस्त करून चालवायची नाही, बदलायची. क्रिंप केल्यावर ती आज चालते आहे, पण पुढच्या हिवाळ्यात कुठल्या जोडीचा कधी तुकडा पडेल याचा भरवसा नाही, आणि डेटाबेसची केबल अर्धवट चालणं हे न चालण्यापेक्षा वाईट.

१३ ऑगस्ट : नवी केबल ओढली

घन तांब्याची कॅट-६, २३ गेज, ३२ मीटर. २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पीव्हीसी पाइप, विजेच्या पाइपापासून ३० सेंटिमीटर दूर. जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात. वळणांना एल्बो वापरला नाही, मोठ्या त्रिज्येचा बेंड घातला. दोन्ही टोकांना भिंतीवर कीस्टोन जॅक (लॅनचं सॉकेट) आणि तिथून पीसीपर्यंत तयार पॅचकॉर्ड (लवचीक छोटी केबल). भिंतीतली ताठ तारेची केबल थेट पीसीला लावली की ती रोज हलते आणि कनेक्टरपाशी सैल होते.

पाइपात ओढण्यापूर्वी केबलच्या तुकड्याचा रोध मोजून घेतला. दुकानात एक मीटर कापून खरवडून पाहू द्या म्हटलं तर चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

मोटर चालू ठेवून आयपर्फ३ दोन्ही दिशांना ९४० एमबीपीएसच्या जवळ. मिनिटभराच्या चाचणीत पुनर्प्रेषण शून्य. पीएसपिंगची ४ केबीची फेरी ०.४ मिलिसेकंद. उतारा, चारही संगणक आत असताना: ५.३ सेकंद.

अ‍ॅडॅप्टरच्या सेटिंगमध्ये वेग आणि डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलायचं की आळीपाळीने) ‘ऑटो’वरच ठेवायचे. लिंक खाली पडते म्हणून एका बाजूला १०० फुल बांधून टाकण्याची सवय दिसते. दुसरी बाजू ऑटोवर असेल तर ती हाफ डुप्लेक्स धरते, आणि मग पाकिटांच्या टकरी सुरू होतात.

१७ ऑगस्ट : गोडाऊन

वायफायवर आधी काय साधतं ते पाहिलं. रिपीटर २.४ गीगाहर्ट्‌झचा. तो एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, म्हणजे प्रत्येक पाकीट हवेत दोनदा. आजूबाजूच्या घरांची नेटवर्क बहुतेक ६ वर होती, म्हणून आपलं ११ वर नेलं. सरासरी १४ वरून ९ वर आली, पण उड्या कायम. उताऱ्याला अजूनही ४५ सेकंदांच्या वर.

वेळेपेक्षा मोठी अडचण फाइलच्या सुरक्षिततेची. अ‍ॅक्सेस नोंद लिहीत असताना वायफाय क्षणभर तुटलं तर पान अर्धवट लिहिलं जाऊ शकतं, आणि मग सगळ्यांनाच फाइल ‘दुरुस्त करावी लागेल’ असा संदेश येतो. लिहिणारा संगणक वायफायवर नको, हा नियम वेगासाठी नाही, या एका कारणासाठी आहे. बंगल्यातल्या चौघांचा वर्षभराचा हिशेब त्या एका फाइलमध्ये आहे.

म्हणून वायर. अंतर ४० मीटर, तांब्याची केबल सहज पोचली असती. तरी फायबर घेतली. गोडाऊनला विजेचं मीटर वेगळं आणि अर्थिंगही वेगळं. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असताना तांब्याची केबल जोडली तर अर्थिंगमधला फरक त्या केबलवर येतो, आणि जवळ वीज पडली की स्विच, पीसी सगळं एका झटक्यात जातं. परतीच्या पावसात नाशकात विजा चांगल्याच होतात. काचेतून वीज वाहत नाही.

साहित्य: एका तंतूवर चालणाऱ्या गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची (लॅन केबल आणि फायबर यांच्यात रूपांतर करणारी पेटी) जोडी, सिंगल मोड. एक ए बाजूचा, तो १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर घेतो. दुसरा बी बाजूचा, बरोबर उलट. दोन्ही ए किंवा दोन्ही बी आले तर लिंक कधीच येणार नाही, खोक्यावर पाहूनच घ्यावेत. कनेक्टर दोन्हीकडे एससी, निळे. इंटरनेटची फायबर बहुधा हिरव्या कनेक्टरची असते. त्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, ते निळ्यात खुपसलं तर टोकं जुळत नाहीत आणि बराच प्रकाश वाया जातो. जोडणीसाठी फायबरवाल्या कारागिराकडून दोन्ही टोकं स्प्लाइस करून (सांधून) घेतली.

बाहेरची ड्रॉप केबल भिंतीच्या कडेने पाइपात नेली. या केबलला आधारासाठी पोलादी तार असते. ती दोन्ही इमारतींच्या बाहेरच कापून हुकाला बांधली, आत नेली नाही. ती आत आली असती तर फायबर घेण्याचा हेतूच फुकट गेला असता. वळण कुठेही चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान ठेवलं नाही.

लॅपटॉपला लॅन पोर्ट होतंच. फेरी ०.४५ मिलिसेकंद, उतारा ५.६ सेकंद. दोन्ही कन्व्हर्टर आणि स्विच इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. रिपीटर काढला. अंगणात मोबाइलसाठी राउटरचं वायफाय पुरतं.

१९ ऑगस्ट : सकाळचं पहिलं उघडणं

एक वेगळा त्रास राहिला होता. वरच्या पीसीवर सकाळी पहिल्यांदा डेटाबेस उघडताना १२ सेकंद पांढरी खिडकी, नंतर दिवसभर नीट. जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या एका संगणकाला जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह यादीत तसाच होता. विंडोज आधी त्याची वाट पाहतं. तो काढला. मुख्य पीसीचं नाव आणि पत्ता, शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून, होस्ट्‌स फाइलमध्ये लिहिला. फ्रंटएंडमधले जोडलेले तक्ते ड्राइव्हच्या अक्षराऐवजी संगणकाच्या नावाच्या पूर्ण मार्गाने पुन्हा जोडले. १२ चे २ झाले.

मुख्य पीसीची झोप, हार्ड डिस्क बंद होण्याची मुदत आणि लॅन कार्डची वीजबचत बंद. अँटिव्हायरसमध्ये फक्त डेटाबेसच्या फोल्डरची, तीही बॅकएंड फाइलपुरती सूट दिली. संपूर्ण शेअर किंवा संपूर्ण ड्राइव्ह वगळू नये.

२४ ऑगस्ट : डेटाबेसच्या आत

आता तारा नीट आहेत, तरी ४,९०० विनंत्या हा आकडा स्वतःच जास्त आहे. एका खात्याच्या वर्षभराच्या नोंदी तीनशेच्या आत. काम सुरू करण्याआधी बॅकएंडची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली.

फ्रंटएंड प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवली. फॉर्म आणि रिपोर्ट नेटवर्कवरून ओढायचं कारण नाही, आणि चौघांनी एकच फ्रंटएंड उघडणं हे फाइल बिघडण्याचं हमखास कारण. नवी आवृत्ती आली की डेस्कटॉपवरची बॅच फाइल आधी ती शेअरवरून उतरवते आणि मग उघडते.

सुरुवातीलाच एक लपवलेला फॉर्म उघडतो, एका ओळीच्या तक्त्याला बांधलेला, आणि शेवटपर्यंत उघडा राहतो. कारण बॅकएंडशी असलेलं शेवटचं नातं सुटलं की अ‍ॅक्सेस लॉक फाइल (आत कोण आहे ते नोंदणारी) पुसतं, आणि पुढच्या फॉर्मला ती पुन्हा बनवतं. नेटवर्कवर हे दर वेळी महाग पडतं.

प्रत्येक तक्त्याच्या गुणधर्मांत सबडेटाशीट (तक्त्यासोबत संबंधित तक्ताही उघडण्याची सोय) ‘ऑटो’ होतं, ते ‘नन’ केलं. नावांची आपोआप दुरुस्ती बंद केली. एवढ्यावर वेळ ५.३ वरून ३.९.

आता क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. खातेउताऱ्याच्या क्वेरीत अट अशी लिहिलेली की व्यवहाराच्या तारखेतून वर्ष आणि महिना काढणारी फंक्शनं लावून आर्थिक वर्ष ठरवायचं. रकान्यावर फंक्शन लावलं की त्या रकान्याचा इंडेक्स वापरता येत नाही. इंजिन तक्त्यातली प्रत्येक नोंद मागवतं, फंक्शन चालवतं, मग ठेवायची की टाकायची ते ठरवतं. २०१७ पासूनच्या सगळ्या नोंदी प्रत्येक उताऱ्यासाठी तारेवरून जात होत्या. अट बदलली: तारीख १ एप्रिल किंवा नंतरची आणि पुढच्या १ एप्रिलच्या आधीची. ‘३१ मार्चपर्यंत’ असं लिहिलं नाही, कारण तारखेसोबत वेळ साठलेली असेल तर ३१ तारखेच्या दिवसभराच्या नोंदी गळतात. ग्राहक क्रमांक आणि तारीख या दोन रकान्यांचा मिळून एक इंडेक्स बनवला, ग्राहक क्रमांक आधी.

विनंत्या ४,९०० वरून ६४० वर. नंतर कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइलमधली रिकामी जागा काढणारी सोय), फाइल ४१२ वरून २६८ एमबी. चारही संगणक आत असताना:

मुख्य पीसी: ०.९ सेकंद
तळमजला, दुसरा: १.६
वरचा मजला: १.७
गोडाऊन: १.८

क्वेरीच्या एका ओळीने एवढं मिळालं तर केबल कशाला बदलली, असा प्रश्न घरातून आला. तो रास्त आहे. ही दुरुस्ती पहिल्या दिवशी केली असती तर वरच्या मजल्याचे ३८ चे सात-आठ सेकंद झाले असते आणि सगळ्यांनी समाधान मानलं असतं. पाकिटं मात्र हरवतच राहिली असती, मोटर सुरू होताना लिहिली जाणारी नोंद तशीच धोक्यात. गळती आधी, क्वेरी नंतर, हाच क्रम धरावा.

३१ ऑगस्ट : बॅकअप

उघड्या डेटाबेसची कॉपी घेतली तर ती कधी नीट निघते, कधी मधल्याच अवस्थेतली. रात्री साडेदहाला टास्क शेड्युलरमधून बॅच फाइल चालते. फोल्डरमध्ये लॉक फाइल असेल तर कुणीतरी आत आहे असं धरून अर्ध्या तासाने पुन्हा पाहते, नसेल तर रोबोकॉपीने (विंडोजची कॉपी करणारी आज्ञा) दिनांकासह प्रत काढते. बाहेरच्या डिस्कवर सात दिवसांच्या, आणि महिन्याची एक वेगळी. दर रविवारी त्यातली एक प्रत उघडून शेवटच्या बिलाचा क्रमांक ताडायचा. न उघडून पाहिलेल्या प्रतीला बॅकअप म्हणू नये.

लॅपटॉप शेतावर किंवा अंगणात वायफायवर असेल तेव्हा डेटाबेस थेट उघडायचा नाही. वरच्या पीसीवर विंडोज प्रो आहे. तो मोकळा असताना रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरायचं. हवेतून फक्त पडद्याचं चित्र जातं, वायफाय तुटलं तरी फाइल उघडणारा पीसी केबलवरच असतो. प्रो वर एका वेळी एकच जण काम करू शकतो, हे वेळापत्रकात धरायचं.

७ सप्टेंबर : एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसची चाचणी, प्रतीवर

फवारणी नोंदींचा तक्ता सगळ्यात वेगाने वाढतो आहे, आणि अ‍ॅक्सेस फाइलची मर्यादा २ जीबी. म्हणून पुढची वाट तपासली. मुख्य पीसीवर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस २०२२ (शोधण्याचं काम स्वतः करून फक्त उत्तर पाठवणारा डेटाबेस), त्याला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा. टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून जोडणी) मुळात बंद असतं, ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करून पोर्ट १४३३ नक्की केलं आणि फायरवॉलमध्ये फक्त घरातल्या पत्त्यांना उघडलं.

तक्ता नुसता उचलून तिकडे नेला आणि ओडीबीसी या दुव्याने जोडला तर फवारणीचा फॉर्म आधीपेक्षा हळू झाला. तो उघडताच सगळा तक्ता मागतो. फॉर्मला सुरुवातीलाच बागायतदाराचा क्रमांक विचारायला लावून अट सर्व्हरकडे पाठवली, तेव्हा एकेका पानाची मागणी संपली आणि थोड्या पाकिटांत उत्तर परत आलं. तक्त्याला प्राथमिक की आणि रोव्हर्जन (नोंद बदलली की आपोआप बदलणारा) रकाना हवा, नाहीतर दुसऱ्याने नोंद बदलली आहे असे खोटे इशारे येतात.

हलवायचं काम गोडी छाटणीची गर्दी ओसरल्यावर, डिसेंबरात. तोवर अ‍ॅक्सेसच. दर सोमवारी वरच्या पीसीवर आणि गोडाऊनच्या लॅपटॉपवर लिंकचा वेग आणि खराब पाकिटांचा आकडा स्विचशेजारी चिकटवलेल्या कागदावर लिहायचा. १००० च्या जागी १०० दिसला, तर आधी पॅचकॉर्ड बदलायची.